खांद्यावरचा भाता

धान कापून गेलेल्या बांधीला एक वास असतो. तो ओल्या मातीचा नाही आणि वाळल्या तणसाचाही नाही. त्या दोघांचं भांडण नुकतंच मिटलं असावं, तसा मधलाच काहीतरी. चंद्रपूरच्या ऊर्जानगरात लेकीच्या क्वार्टरपर्यंत तो पोचायचं खरं म्हणजे काही कारण नाही. इथं सकाळी गॅलरीत उभं राहिलं की वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर दिसतो आणि कंपनीच्या बसचा भोंगा ऐकू येतो. पण परवा फाटकासमोरून तणसानं भरलेला एक ट्रॅक्टर गेला, मागं रस्त्यावर काड्या सांडत, आणि माझा उजवा खांदा दुखायला लागला.

लोकांना वासावरून आई आठवते, शाळा आठवते. मला खांदा आठवतो. ज्याचं त्याचं नशीब.

नेमकं त्याच संध्याकाळी जावयानं एक रंगीत, गुळगुळीत पुस्तिका माझ्या पुढ्यात ठेवली. "बाबा, यातली कुठली घेऊ?" तो अलीकडे गोल्फ खेळायला लागलाय. इथल्या साहेब लोकांना डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. नुसतं चालायची लाज वाटते म्हणून ते एका चेंडूच्या मागं चालतात. पुस्तिकेत नुसत्या पिशव्या होत्या. गोल्फच्या काठ्या घालून खांद्यावर न्यायच्या, पिसासारख्या हलक्या, दोन पट्ट्यांच्या, आणि खाली ठेवल्या की आपल्या पायांवर उभ्या राहणाऱ्या. पिशवीला पाय आहेत हे बघून मी गंभीर झालो. आमच्या वेळीही पिशवीखाली पाय असायचे. ते माझे होते.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. चंद्रपूर तेव्हा चांदा होतं आणि गडचिरोली त्याच्याच पोटात होती. मी ब्रह्मपुरीकडचा शेतकऱ्याचा मुलगा, पण मॅट्रिकसाठी काही वर्षं नागपुरात राहिलो आणि येताना पुस्तकी मराठी घेऊन आलो. नवे बूट घातलेला माणूस जसा मुद्दाम करकर वाजवत चालतो, तसा मी ती भाषा वाजवत हिंडायचो. 'पाणी द्या'च्या ऐवजी 'जल मिळेल का' असं म्हणून मी एकदा तहानलेलाच परत आलो आहे. ज्या बाईला विचारलं तिनं घरात जाऊन सांगितलं होतं, "कोनी जल्लाद आला वाट्टे."

आरमोरीजवळ एका लाकूड-बांबूच्या ठेकेदार कंपनीचा डेपो होता. तिथं बाबूची जागा निघाली. मुलाखत घ्यायला डेपोचे मॅनेजर, टिपणीस साहेब. गोल चेहरा, गोल चष्मा, आणि एक हात कायम कमरेवर, कारण कंबर सदा धरलेली. हिशेबाचं विचारून झालं, अक्षर बघून झालं, आणि मग डोळे बारीक करून त्यांनी विचारलं,

"गोल्फ खेळता का?"

मी ऐकलं, गोफ. टिपऱ्यांच्या खेळानंतर शाळेच्या स्नेहसंमेलनात व्हायचा तो गोफ. मध्ये खांब, त्याला बांधलेल्या रंगीत फिती, आणि आत-बाहेर नाचत त्यांची वीण घालणारी मुलं. आमच्या शाळेत माझ्याइतका घट्ट गोफ कोणी विणत नसे.

"दरवर्षी खेळायचो, साहेब," मी म्हणालो. "पहिला नंबर."

"अरे वा! जोडीला कोण असायचं?"

"बारा मुलं. आणि पेटीवर मास्तर."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नागपूरला गोल्फ आता फारच पुढं गेलेला दिसतो, असं काहीतरी ते पुटपुटले आणि मला नोकरी मिळाली.

रविवारी सकाळी त्यांनी मला डेपोमागच्या बांध्यांवर नेलं. मी खांब शोधत होतो. खांब नव्हता. एक पांढरा चेंडू होता आणि एक लोखंडी डोक्याची काठी होती, ती त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती कपाळाला लावून नमस्कार केला, कारण दुसरं काय करायचं ते कळेना. खुलासा व्हायला मग फार वेळ लागला नाही. साहेब धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसले आणि कमरेवरचा हात पोटावर आणून इतके हसले की मला वाटलं आता नोकरीही गेली आणि साहेबही. पण माणूस दिलदार. डोळे पुसत म्हणाले, "बरं, खेळू नका. उचला तरी."

आता उचलणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. डेपोत आधी एक गोरा साहेब होता. तो विलायतेला जाताना काठ्या आणि पिशवी मागं सोडून गेला होता. का सोडून गेला ते मला पहिल्याच दिवशी कळलं. म्हशीच्या जाड चामड्याची, पितळी कड्यांची, खिशांवर खिसे असलेली ती पिशवी रिकामी असतानाच भरल्यासारखी वाटे. साहेबांची कंबर अशी, की त्यांना चिंचोका वाकून उचलता येत नसे. आणि कापणीच्या दिवसांत झाडीपट्टीत ओझं उचलायला माणूस मागणं म्हणजे पोळ्याच्या दिवशी बैल मागणं. सगळं गाव विळे घेऊन बांधीत. उरलो मी. अंगानं इतका किडकिडीत, की डेपोतल्या लोकांना मी आडवा उभा राहिलो की दिसत नसे.

आमचं मैदान म्हणजे कापून रिकाम्या झालेल्या बांध्या. पायाखाली धानाचे खुंट, एका बांधीतून दुसरीत जायचं तर धुरा चढा आणि उतरा. कुठं खाली लाखोरीच्या डाळीचे कोंब आलेले, तिथं पाय द्यायचा नाही, दिला तर शिव्या. मधूनमधून पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाच्या रचलेल्या गंज्या. साहेबांचा चेंडू त्यांच्यात असा शिरायचा जसा काही तिथंच त्याचं माहेर. गावातल्या बाया विळा थांबवून बघायच्या. "अंडा मारून राह्यले साहेब," हे त्यांचं समालोचन.

या बांध्या डोमाजीभाऊंच्या. उंच, मिशाळ, कमी बोलणारा माणूस. त्यांनी खेळायला परवानगी दिली होती, एका अटीवर. शेवटचा खड्डा साहेबांनी त्यांच्या खळ्याच्या मधोमध, मेढीच्या खांबाजवळ, धरला होता, कारण शेणानं सारवलेल्या त्या सपाट गोलावर चेंडू सुरेख घरंगळे. पण खळ्यावर धान उतरायचं असतं. तिथं पायतान चालत नाही, चामडं चालत नाही. तेव्हा साहेब काठावर बूट काढून अनवाणी आत जात आणि मी ती म्हशीची पिशवी घेऊन बाहेर उभा राहत असे. साहेबांनी आतून "छोटी!" म्हटलं की छोटी काठी काठावरूनच पुढं करायची, "ही नाही!" म्हटलं की परत.

आणि खळ्याच्या पलीकडे, कधी धुऱ्यावर, कधी पुंजण्याच्या आड, कौसल्या असायची. डोमाजीभाऊंची लेक. दोन्ही घरांत बोलणं निघालं होतं. ते काढलं होतं कवडूनं. डेपोची बंडी हाकणारा हा कवडू बैलांशी कमी आणि माणसांशी जास्त बोलायचा. घर आमच्या गोतातलं, मुलगी चलाख, माझी नोकरी ताजी. डोमाजीभाऊ फक्त म्हणाले होते, "पाहू द्या पोरगं."

त्यांनी पाहिलं. कसं पाहिलं ते सांगतो.

त्या दिवशी दवानं धुरे ओले होते. पिशवी पाठीवर अशी काही बसली होती की मी पुढून दिसत होतो की नाही कोण जाणे, मागून तर नक्कीच नव्हतो. तेवढ्यात पलीकडून कौसल्याचा आवाज आला, स्वच्छ, खणखणीत:

"आई वो! पिशवी चालून राह्यली पाह्य!"

मी तिच्याकडे वळून बघायला गेलो. माझ्यासकट पिशवी वळली. वळली ती वळतच राहिली आणि धुऱ्यावरून आम्ही दोघं खालच्या बांधीत गेलो, पिशवी वर, मी खाली. काठ्या माझ्या अंगावर एकेक करून अशा पडल्या, जशी वरातीत फुलं. वर बघितलं तर डोमाजीभाऊ उभे. त्यांनी हात दिला नाही. पिशवी एका हातानं उचलली, धुऱ्याला टेकवली, आणि मग माझ्याकडे बघून मिशीतल्या मिशीत म्हणाले, "ज्याले साहेबाच्या काड्या उचलत नाई, तो संसार का उचलन?"

हे वाक्य दुपारपर्यंत आरमोरीच्या बाजारात पोचलं होतं. पोचवणाऱ्याचं नाव कवडू.

आता एखाद्या शहाण्या माणसानं दंड-बैठका सुरू केल्या असत्या. माझ्या अंगाची मला कल्पना होती. ते वाढणार नव्हतं, तेव्हा पिशवीच घटवायला हवी होती. पिशव्या निवडायच्या म्हणजे काय, हे त्या मोसमात मला जितकं कळलं तितकं या रंगीत पुस्तिकेच्या कर्त्याला कळलं असेल असं वाटत नाही.

पहिल्यांदा तागाचं पोतं. हलकं, मऊ, खांद्याला प्रेमळ. पण काठ्यांची डोकी जड. चार पावलं गेलो की खालून एक डोकं बाहेर यायचं, मग दुसरं, आणि पाठीमागं नांगरल्यासारखी एक रेघ उमटत जायची. डोमाजीभाऊंच्या लाखोरीतून अशी एक रेघ गेली, आणि बोलणी आणखी मागं सरली.

मग बांबू. डेपोत बांबूला काय तोटा! सगळ्यात जाड बांबूचं एक कांडं निवडलं, आतून पोखरलं, दोरी लावली. त्यात काठ्या मावल्या तीन. शिवाय चालताना त्या आतून अशा खडखडायच्या की झाडांवरचे पोपट उडायचे आणि साहेबांचा नेम जायचा. मग ढिवरांकडची मासे ठेवायची अरुंद तोंडाची टोपली. तिची मात्र मला सवय होत आली होती, पण गावातली मांजरं माझ्या मागून खेळाला यायला लागली. साहेब म्हणाले, "प्रेक्षक हवेत, पण इतके जवळ नकोत."

तेव्हा मला नागपुरानं दिलेलं शहाणपण आठवलं. राम-लक्ष्मण वनात हिंडत, ते बाण कशात ठेवत? भात्यात! पाठीवर लावायचा, उंच, अरुंद, हलका. काठ्या म्हणजे तरी काय, जरा जाडे बाण. कवडू बंडी घेऊन धानोऱ्याकडे निघाला होता. तिकडं जंगलात धनुष्यबाण वापरणारी माणसं होती. मी त्याला गाठलं.

"कवडूभाऊ, येताना एक भाता आणा."

"भाता?" त्यानं कासरा ओढला. "भात्याले का करता बाबूजी?"

पोतं, बांबू, टोपली यांची एवढी शोभा झाल्यावर आता आधी बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. म्हणालो, "साहेबांचं काम आहे. हलका बघा. आणि खांद्यावर लावता आला पाहिजे."

"खांद्यावर? भाता?" कवडूनं माझ्याकडे, मग बैलांकडे बघितलं. बैलांनाही पटलं नव्हतं. "मोठ्या लोकाइचं काई सांगता येत नाई बाप्पा," म्हणाला, आणि बंडी हाकली.

तो परत आला तेव्हा बंडीतून त्यानं जे काढलं ते मी उलटंसुलटं करून बघितलं. बकऱ्याच्या आख्ख्या कातड्याची, काळपट, मऊ पडलेली एक लांब पिशवी. एका टोकाला मोठं तोंड, दुसऱ्या टोकाला मातीनं लिंपलेली नळी. आतून राख.

"हे काय?"

"भाता! लोहाराचा. धानोऱ्याहून काऊन आनू? आपल्याच गावच्या लोहारानं नवा केला, जुना देऊन टाकला. हलका पाह्यजे म्हनत होते ना तुमी? घ्या, पोरगं बी उचलन."

मी त्याला रामाची, लक्ष्मणाची, बाणांची गोष्ट सांगितली. कवडू शांतपणे ऐकून म्हणाला, "त्याले आमच्याइकडे तीर ठेवाची नळी म्हन्ते, बाबूजी. भाता म्हंजे भाता." आता शब्दकोशात दोन्ही अर्थ आहेत, मी नंतर बघितले. पण शब्दकोश बंडी हाकत नाही.

रागानं तो भाता मी कोपऱ्यात फेकला. पडताना त्यानं एक मोठा सुस्कारा सोडला, फुस्स, आणि माझ्या पांढऱ्या धोतरावर राखेचा शिडकावा केला. त्या सुस्काऱ्यात काय होतं कोण जाणे, पण मला वाटलं, अरे, हा पण माझ्यासारखाच. नको त्या जागी नेमणूक झालेला. मी तो उचलला. उचलला म्हणजे, एका हातानं! काठ्या आत घातल्या. सगळ्या मावल्या. कातडं इतकं चिवट की एक डोकं बाहेर येईना. फक्त पट्टा हवा होता. दोरी खांद्याला कापायची, चिंधी तुटायची. मग अंबाडीच्या वाखाचे पेड घेऊन डेपोच्या अंगणात एका बांबूच्या खांबाला बांधले आणि मी, मॅट्रिक, डेपोचा बाबू, भर दुपारी त्या खांबाभोवती आत-बाहेर नाचलो. एकटाच. बारा मुलांचं काम एकट्यानं करताना जरा धाप लागली, पण गोफ पडला, चपटा, रुंद, खांद्यावर मांजरासारखा बसणारा. साहेब दारात उभे होते. म्हणाले, "हा तुमचा पहिला नंबर का?"

रविवारी निघालो. अंग मोकळं, मान ताठ, डोळ्यांना आकाश दिसत होतं. एकच गोष्ट राहिली होती. चालताना भाता कमरेवर आपटे आणि दर पावलाला नळीतून श्वास सोडे. फुस्स. फुस्स. नळीत चिंधी कोंबली, ती तोफेच्या गोळ्यासारखी निघून साहेबांच्या टोपीला लागली. मग नाद सोडला. साहेब काठी उगारत, मी श्वास रोखून धरी, पण भात्याला कोण सांगणार? ऐन मारायच्या वेळी फुस्स! "चेंडू हसतोय का मला?" साहेब विचारत.

असे फुसफुसत आम्ही खळ्यापाशी आलो. खळं नुकतंच सारवलेलं, कडेला कौसल्या शेणाचे हात धुवत होती. डोमाजीभाऊ मधोमध. साहेबांनी बूट काढले आणि सवयीनं आत गेले. मी काठावर थांबलो.

"हे का होय?" डोमाजीभाऊंनी विचारलं.

"भाता," मी म्हणालो. कातडं ते कातडंच.

"कोनाचा?"

"गावच्या लोहाराचा. जुना."

ते पुढं आले. माझ्या खांद्यावरून त्यांनी भाता काढून घेतला, हातात तोलला, वीण बघितली, मग दोन्ही हातांनी दाबला. फुस्स! सगळी राहिलेली राख त्यांच्या मिशीत. कौसल्यानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं, संपलं. आता हा माणूस मला भात्यात घालून नळीतून बाहेर काढणार.

डोमाजीभाऊंनी मिशी पुसली नाही. त्यांनी भात्याला कपाळ टेकवलं.

"याच्या वाऱ्यानं माहे इळे झाले," म्हणाले. "माह्या बापाचेबी. याले खळ्यावर कोन अडवन?" आणि भाता नेऊन त्यांनी खळ्याच्या मधल्या मेढीला टेकवला, पाहुण्याला पाट द्यावा तसा.

भाता आत. साहेब आत. मी बाहेर, हातात वहाणा, एका पायावर. तेव्हा मागून आवाज आला, तोच, खणखणीत:

"बाबा, भाता आत घेतला तं भातेवाल्याले काऊन बाहेर ठेवता? भाता का आपल्यानंच फुकते?"

डोमाजीभाऊंनी लेकीकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग परत लेकीकडे, जरा जास्त वेळ. "ये बाप्पा," म्हणाले. "पाय पुसून ये."

निरोप पुढच्या बाजाराला कवडूनं आणला. "डोमाजीभाऊ म्हन्ते, पोरगं वझं तं उचलत नाई. पन वझं हलकं करते. चालते म्हन्ते." त्यानंतर दर रविवारी योगायोग असा, की मी भाता घेऊन त्या बाजूला गेलो की कौसल्या धुऱ्यावर हजरच. उन्हाळ्यात लग्न झालं. टिपणीस साहेबांची वर्षभरात बदली झाली. जाताना म्हशीची पिशवी घेऊन गेले आणि भाता मला देऊन गेले. तो आमच्या चुलीशेजारी टांगलेला असे. फुंकणी सापडली नाही की कौसल्या त्यालाच कामाला लावी. पुढं उंदरांनी त्याचा शेवट केला. गोफाचा पट्टा मात्र टिकला, त्यावर लेकीचा पाळणा बांधला होता. त्याच लेकीचा नवरा आता मला विचारतोय, कुठली घेऊ.

मी पुस्तिका नीट बघितली. एक सावकाश निवडली. निळी, एक पट्टा, पाय नसलेली. पायांचं मला पटेना, पिशवी स्वतःच उभी राहायला लागली तर माणसाला कोण विचारणार? जावयानं गुण वाचून दाखवले. पाणी शिरत नाही, खांद्याला लागत नाही, चालताना जराही आवाज होत नाही.

कौसल्या पलीकडे खाली बसून चिन्नोर निवडत होती. नवे तांदूळ, आरमोरीहून आलेले. सुपात तिची बोटं थांबली.

"फुस्स करत नाई?"

"नाही आई. अजिबात नाही."

"मंग कसं समजन वो?" ती म्हणाली. "पुंजण्याआड काम करून राह्यली असन बाई, तं मानूस आला हे तिले कशानं समजन? मी तं पयले फुस्स आयकत होती, मंगच उठून धुऱ्यावर येत होती."

इतकी वर्षं मी त्याला योगायोग समजत होतो. जावयानं माझ्याकडे बघितलं. मी पुस्तिका मिटली आणि खांदा जरा चोळला, दुखत नव्हता तरी.